पामिटिक आम्लाच्या एका रेणूतून किती एटीपी? हिशेब असा मांडा

बीटा ऑक्सिडेशन म्हणजे पेशीत मेदाम्ल (चरबीतले आम्ल) तोडून एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, मिळवणे. त्याचे गणित बहुतेकदा फेऱ्या मोजतानाच चुकते. म्हणून आधी कार्बन मोजा. तूप, पामतेल आणि आपल्या पोटावरची चरबी या तिन्हींत भरपूर असलेले पामिटिक आम्ल १६ कार्बनांचे असते. दर फेरीत दोन कार्बन अ‍ॅसिटिल को-ए (को-एन्झाइम ए या वाहकाला जोडलेला दोन कार्बनांचा तुकडा) म्हणून सुटतात. तुकडे ८ पडतात, पण फेऱ्या ७ च लागतात, कारण शेवटच्या फेरीत चार कार्बनांची साखळी मधोमध तुटून दोन तुकडे एकदम मिळतात. कागदावर १६ ठिपके काढून दर दोन ठिपक्यांनंतर रेघ मारा (शेवटच्या जोडीनंतर नको). रेघा सातच येतील.

आता खर्च. पेशीत आलेले मेदाम्ल आधी को-एन्झाइम ए ला जोडावे लागते. त्यात एटीपी एकच लागतो, पण तो थेट एएमपी (एकच फॉस्फेट उरलेला रेणू) होतो. दोन ऊर्जाबंध तुटतात, म्हणून खर्च २ लिहायचा. पुढे कार्निटिन त्याला तंतुकणिकेत (पेशीच्या ऊर्जाघरात, जिथे ते तुटते) नेते, त्याचा वेगळा खर्च नाही. खरा पहारा मात्र इथेच असतो: जेवणानंतर इन्सुलिन वाढले की मॅलोनिल को-ए (चरबी बनवतानाचे मधले संयुग) वाढते आणि ते मेदाम्ल कार्निटिनला जोडणाऱ्या सीपीटी-१ या विकराला अडवते. त्यामुळे यकृत एकीकडे चरबी बनवत असताना दुसरीकडे ती जाळत बसत नाही.

प्रत्येक फेरीत हायड्रोजन काढला जातो (१ एफएडीएच२), पाणी जोडले जाते, पुन्हा हायड्रोजन काढला जातो (१ एनएडीएच) आणि शेवटी साखळी तुटते. एफएडीएच२ आणि एनएडीएच हे काढलेला हायड्रोजन वाहून नेणारे रेणू; पुढे एका एफएडीएच२ मागे १.५ आणि एका एनएडीएच मागे २.५ एटीपी धरतात. क्रेब्ज चक्रात (जिथे अ‍ॅसिटिल को-ए पुढे पूर्ण जाळले जाते) एका अ‍ॅसिटिल को-ए मागे ३ एनएडीएच, १ एफएडीएच२ आणि १ जीटीपी (एका एटीपीइतका), म्हणजे ७.५ + १.५ + १ = १० एटीपी.

७ एफएडीएच२ × १.५ = १०.५
७ एनएडीएच × २.५ = १७.५
८ अ‍ॅसिटिल को-ए × १० = ८०
एकूण १०८, वजा २, निव्वळ १०६

जुन्या पुस्तकांत १२९ दिसेल. तिथे हेच गुणक २, ३ आणि १२ धरलेले असतात. दोन्ही पद्धती एकाच उत्तरात मिसळू नका.

ओलेइक आम्लात १८ कार्बन आणि एक दुहेरी बंध असतो. बंध आधीच असल्याने एका फेरीत एफएडीएच२ मिळत नाही. म्हणून तितक्याच कार्बनांच्या, पण दुहेरी बंध नसलेल्या स्टिअरिक आम्लाचे १२०, तर ओलेइकचे ११८.५.

दीर्घ उपवासात यकृताचे ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट (क्रेब्ज चक्रात अ‍ॅसिटिल को-ए ज्याला जोडले जाते ते संयुग) ग्लुकोज बनवण्याकडे वळते आणि बरेचसे अ‍ॅसिटिल को-ए कीटोन होऊन रक्तात जाते. तेव्हा यकृताच्या पेशीसाठी ८० चा आकडा लावू नका. ती ऊर्जा पुढे मेंदू, हृदय आणि स्नायू वापरतात.