होडीच्या ट्रेलरचं बेअरिंग: आधी हब उघडा, मग ग्रीसचं बघू

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात भंडारदऱ्याहून होडी ओढत परत येत होतो. घोटीच्या अलीकडे एक पिकअपवाला मागून सारखा हॉर्न द्यायला लागला. मला वाटलं साइड मागतोय. तो शेजारी आला आणि हात बाहेर काढून ट्रेलरच्या चाकाकडे बोट दाखवलं. उजव्या चाकातून धूर. उतरून हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसतात त्या भागावर, बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर तापल्या तव्यावर पडावं तसं चर्रकन उडालं. आणि आदल्याच रात्री मी ग्रीसगनने दोन्ही चाकांना दहा-दहा पंप मारले होते.

ट्रेलर टेम्पोवर टाकून गिरणाऱ्याच्या ट्रॉलीवाल्या मिस्त्रींकडे नेला. द्राक्षाच्या हंगामात त्यांच्याकडे ट्रॉल्यांची रांग असते, होडीचा ट्रेलर पहिल्यांदाच आला होता. त्यांनी हब ओढला. बाहेरच्या बेअरिंगला माझं नवंकोरं ग्रीस, आणि आत, सीलच्या (पाणी अडवणाऱ्या कडीच्या) बाजूला, ताकासारखं पांढुरकं पाणी. "भाऊ, तुम्ही चिखलावर सारवण केलंय," म्हणाले.

पाणी आत जातं ते असं. वीस-तीस किलोमीटर चालून हब तापतो, आतली हवा फुगते. तसाच ट्रेलर धरणाच्या गार पाण्यात उतरवला की ती हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. पाणी मिसळलेल्या ग्रीसला वंगणाची ताकद राहत नाही, रोलर कोरडे घासतात, आणि ट्रेलर पावसाळाभर उभा राहिला की गंज धरतो. हबच्या साध्या टोपीवरच्या निप्पलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) कितीही पंप मारा, ग्रीस बाहेरच्या बेअरिंगपाशीच साचतं. जोर लावलात तर मागचं सील उचकटतं. म्हणून वर्षातून एकदा हब उघडायचाच. मी मेअखेरीला, ट्रेलर झाकून ठेवायच्या आधी उघडतो. दिवाळीनंतर होडी काढताना उघडणाऱ्यांच्या बेअरिंगला चार महिने पाण्यात बसवल्यासारखं होतं.

दुसऱ्या चाकामागे दगड लावा, चाकाचे नट सैल करा, मग जॅक. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. फिरवून कान द्या, घरघर आली तर बेअरिंग बदलायचं. चाक काढून हबची टोपी स्क्रू-ड्रायव्हरने कडेकडेने ठोकून काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट आणि वॉशर काढा. हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. तेव्हा खाली हात धरा. माझं एकदा वाळूत पडलं होतं. आतलं बेअरिंग सीलमागे अडकलेलं असतं. सील उचकटून टाका, ते पुन्हा वापरायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी.

सगळं डिझेलमध्ये ब्रशने धुवा आणि फडक्यावर वाळू द्या. कम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायची खोड असते, ती नको. कोरडे रोलर घासतात आणि एखादं बेअरिंग फुटूनही उडतं. मग उजेडात बघा. रोलर निळसर झालेत म्हणजे तापलेत. खड्डे, खवले, गंजाचे ठिपके दिसले की बाद. बेअरिंग बदलताना हबमधली वाटी (बेअरिंगची बाहेरची कडी) सुद्धा बदला, जुन्या वाटीत नवा कोन (रोलर असलेला आतला भाग) फार टिकत नाही. दुकानात जाताना त्यावरचा नंबर लिहून न्या. ३०२०६ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा: आतलं भोक ३० मिलिमीटर. माप बघायची सवय असली तर दुकानदाराने चुकीचं दिलेलं काउंटरवरच पकडता येतं. शेवटी ॲक्सलवर सील जिथे बसतं तिथून नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलीय, नवं सीलही तिथून गळणार.

आता ग्रीस. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या. बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबून ओढा, पुन्हा दाबा, वरून रोलरमधून सोऱ्यातून शेव पडावी तसं बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. एका बेअरिंगला मला पाच मिनिटं लागतात आणि हे काम हातमोज्यांशिवायच बरं जमतं. ग्रीस पाण्याला टिकणारं, लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट. दुकानातलं साधं एपी-३ ग्रीस ट्रॉलीला ठीक, होडीला मी घालत नाही. दोन जातींची ग्रीस मिसळायचीही नाहीत, काही जाती एकमेकांत मिसळल्या की पातळ होऊन वाहतात.

हबमध्ये किती भरायचं यावर मिस्त्रींचं आणि माझं पटत नाही. ते म्हणतात अर्धाच भरा, बेअरिंगला श्वास घेऊ द्या. ट्रॉलीसाठी बरोबर आहे. पण होडीच्या हबमध्ये रिकामी जागा म्हणजे आकसून पाणी ओढणारी हवा, म्हणून मी स्प्रिंगवाली टोपी लावतो आणि आतलं ग्रीस स्प्रिंगची चकती थोडी पुढे सरकेपर्यंत भरतो. त्यापुढे एक पंपही नाही.

आतलं बेअरिंग परत ठेवून नवं सील ग्रीस चोळून, सरळ ठोकून बसवा. हब चढवा, मग बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट. चाक फिरवत फिरवत नट घट्ट करा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग पूर्ण ढिला करा आणि फक्त बोटांनी आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे घ्या, पुढे नाही. टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगला जेमतेम जाणवेल न जाणवेल इतका प्ले लागतोच. पिन नेहमी नवी.

मग पाच किलोमीटर फिरून हबवर हात ठेवा. कोमट चालेल, हात ठेवता आला नाही तर नट जास्त आवळलाय. गंगापूर धरणावर पोहोचलो की आता मी होडी लगेच उतरवत नाही. लाइटचा प्लग काढतो, हब हाताला गार लागेपर्यंत अर्धा तास काठावर चहा चालतो. मुलगा कंटाळतो. डिकीत एक धुऊन, ग्रीस भरून, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला तयार हब असतो, सीलसकट.