पावसात रंधा हातात घेऊ नका

आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार फणसाच्या लाकडाचं. जुलै लागला की ते फुगतं आणि चौकटीला असं धरून बसतं की उघडायला खांदा लावावा लागतो. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात मी वैतागून शेजारून रंधा मागून आणला. सासूबाई सोप्यावर बसून नारळाच्या झावळीचे हीर काढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मातशें राव गो." मी कसली थांबते! अर्ध्या तासात ढलप्यांचा ढीग पडला आणि दार एका बोटाने बंद व्हायला लागलं. दिवसभर येताजाता मी ते उघडून-लावून बघत होते.

मार्चमध्ये लाकूड सुकलं. कडी घातली तरी दार आणि चौकटीच्या मधून माझी करंगळी आरपार जायची. त्या फटीतून आधी पाली आल्या, मग झुरळं, आणि एके रात्री चिचुंदरी थेट पिठाच्या डब्यामागे.

फोंडा तालुक्यातलं आमचं घर जुनं, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतींचं, वर मंगळुरी कौलं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरातली निम्मी मोडतोड याच चार महिन्यांत होते. आणि उरलेली निम्मी, मी ती मोडतोड त्याच चार महिन्यांत घाईघाईने दुरुस्त करायला गेल्यामुळे झाली. म्हणून आता कुठलंही काम निघालं की आधी ठरवते, हे आत्ताचं की डिसेंबरचं.

दारापासूनच सुरू करते. दार अडकलं की पहिल्यांदा बिजागरी बघा, लाकूड नंतर. वरच्या बिजागरीचा स्क्रू सैल झाला की दार कडीच्या बाजूने खाली झुकतं आणि खालचा कोपरा उंबऱ्याला घासतो. आपण म्हणतो दार फुगलं. फुगलेलं काहीच नसतं. स्क्रू नुसताच गोल फिरत असेल तर तो काढा, भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या दोन-तीन काडेपेटीच्या काड्या ठोकून बसवा (गुल आधी मोडून टाका), बाहेर राहिलेला भाग कापा आणि रात्रभर राहू द्या. पावसात फेविकॉल लवकर वाळत नाही, त्यामुळे दोन तासांनी उत्साहाने स्क्रू पिळू नका. दाराखाली दोन वह्या सरकवून ठेवल्या की तेवढा वेळ वजन बिजागरीवर येत नाही.

बिजागरी ठीक असेल तर मुलांच्या दप्तरातला निळा खडू घ्या. चौकटीच्या आतल्या कडेवर वरपासून खालपर्यंत तो नीट घासा, दार जोर लावून बंद करा आणि उघडा. दाराच्या कडेवर जिथे निळा डाग उमटेल, तेवढीच जागा अडकते आहे. आमच्याकडे ती कडीच्या वर, वीतभरच निघाली. मी मात्र त्या वर्षी अख्खी कड रंधली होती! त्या वीतभर जागेवर मेणबत्ती दाबून घासा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून तेवढ्याच जागेवर चालवा, आणि दर दहा-बारा हातांनंतर दार लावून बघा. दार पूर्ण बंद होत नसलं तरी कडी पोहोचते ना? मग तिथेच थांबा.

उरलेलं काम कोरड्या दिवसांतलं. लाकूड पाणी पितं आणि रुंदीला वाढतं, उंचीला जवळजवळ नाहीच. हे पाणी शिरतं कुठून, तर दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेतून. तिथे लाकडाच्या शिरा उघड्या असतात आणि रंगारी तिथे कधीच ब्रश लावत नाही, कारण ते कुणाला दिसत नाही. एक छोटा आरसा जमिनीवर ठेवून दाराची खालची कड बघा. कोरं, काळपट लाकूड दिसलं तर फुगण्याचं मूळ सापडलं. दार उतरवायची गरज नाही. गोणपाटाची लांब पट्टी प्रायमरमध्ये भिजवा, दाराखालून सरकवा आणि दोन्ही टोकं दोन हातांत धरून करवतीसारखी मागेपुढे ओढा. एक दिवस वाळू द्या, मग तसाच रंगाचा हात. खाली वर्तमानपत्र घालायला विसरू नका. मी विसरले होते, आणि उंबऱ्याजवळच्या फरशीवरचा तपकिरी पट्टा अजून आहे. दार आणि चौकटीत दोन नाणी एकावर एक मावतील एवढी फट सुक्या दिवसांत हवी. कमी असेल तर तेव्हा खुशाल मेस्ताला बोलवा आणि त्याच्या हातात रंधा द्या.

आता कपाटं. आमचं मोठं कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून होतं. पावसाचा मारा त्याच बाजूने येतो आणि चिरा स्पंजासारखा पाणी धरतो. जुन्या काळी त्या भिंतींना बाहेरून विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायचे, ते उगाच नव्हे. ऑगस्टमध्ये एकदा मुलाच्या मुंजीचं सोवळं काढायला गेले तर कपाटाच्या पाठीवर हिरवट-पांढरी मखमल. मी केरसुणीने खसाखसा झाडली. त्या रात्री मुलाला एकवीस शिंका आल्या. त्याने स्वतः मोजल्या आणि सकाळी मला आकडा सांगितला.

बुरशी सुकी झाडायची नाही, तिची भुकटी घरभर उडते. तोंडाला फडकं बांधा. कपडे धुवायच्या साबणाच्या पाण्यात कापड पिळून एकाच दिशेने पुसून घ्या, कापड दर वेळी घडी बदलून. मग व्हिनेगर लावा. आपल्याकडे माडाच्या सुरेचं मिळतं ते चालतं, पण घरभर सोरपोतेलचा, म्हणजे डुकराच्या मटणाचा, वास सुटतो आणि शाकाहारी सासूबाई नाक मुरडतात, म्हणून मी साधं पांढरं वापरते. तासभर ठेवून ओल्या कापडाने पुसा आणि दारं सताड उघडून पंखा लावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, कायमचं. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानेच नाही.

लाकडावर ब्लीचिंग पावडरचं पाणी लावू नका. ते पाणी लाकडात मुरतं आणि मुळासकट बुरशी मरत नाही ती नाहीच. न्हाणीच्या टाइल्सवर चालेल, पण तिथे दुसरं काहीही ओतलेलं नसताना. मी एकदा संडास साफ करायचं ॲसिड टाकून ठेवलं आणि दहा मिनिटांनी विसरून त्यावर ब्लीचिंगचं पाणी ओतलं. घशात सुरी गेल्यासारखं झालं, डोळ्यांतून धारा. तो क्लोरीन वायू. व्हिनेगर आणि ब्लीचचंही तेच होतं. असं झालं तर पुसत बसू नका, बाहेर या, दारं-खिडक्या उघड्या टाका, आणि खोकला किंवा श्वासाचा त्रास थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

डांबरगोळ्या आणि कापूर ओलावा ओढत नाहीत, फक्त कसर-किडे लांब ठेवतात. माझी निम्मी हयात हे न कळण्यात गेली. ओलावा ओढतो तो कळीचा चुना, म्हणजे न विझवलेला. मातीच्या बोळक्यात अर्ध्यापर्यंतच भरा, कारण तो फुगतो. वर फडकं बांधा, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. पाणी सांडलं तर तो तापतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो. बाजारातल्या ओलावा शोषणाऱ्या डब्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, तेही चांगलं. फक्त खाली जे पाणी साठतं ते सांडू देऊ नका. आमच्या कन्येने डबा आडवा केला आणि माझ्या चपलांवर ते पाणी गेलं. तीन दिवस उन्हात ठेवल्या तरी चपला ओल्याच! ते मीठ हवेतलं पाणी ओढतच राहतं. भरपूर साध्या पाण्याने धुवूनच जातं, आणि चामडं असेल तर चामडंही जातं. पूर्वी कपाटात तळाशी चाळीसचा दिवा लावून ठेवायचे. ह्यांनी मोठ्या हौसेने आमच्या कपाटात एलईडी लावून दिला. कपडे छान दिसतात आता. ऊब काही मिळत नाही. आणि तापणारा जुना दिवा कपड्यांजवळ मी लावू देत नाही.

छप्पर. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं किनारपट्टीवर पसरली. पावसात ओल्या कौलांवर चढायचं नाही, कुणालाही चढवायचं नाही. शेवाळावर पाय सरकतो. आतून, माळ्यावरून काम करा. थेंब पडतो तिथे गळतं असं नसतं. पाणी वाशावरून चार-पाच फूट प्रवास करून मग पडतं. बॅटरी घेऊन वाशाची ओली रेघ वरवर शोधत जा. बहुतेक वेळा एखादं कौल नुसतं खाली सरकलेलं असतं, नारळ पडून किंवा माकडांनी. काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळून हलकेच वर ढकला, मागचा दात रीपेत बसला की आवाज येतो. कौल फुटलंच असेल तर तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा तात्पुरता सरकवायचा. तिथे मी सपशेल चुकले. पत्र्याची वरची कड वरच्या कौलाच्या खाली गेली पाहिजे आणि खालची कड खालच्या कौलाच्या वर आली पाहिजे, कौलं एकमेकांवर बसतात तशीच. मी खालची कडही कौलाखाली खुपसली. आधी थेंब थेंब पडत होतं, आता पन्हळीसारखी धार लागली, तीही तांदळाच्या पिंपावर. फुटकं कौल बदलणं मे महिन्यात. पाडेलीला बोलावून माडाच्या सुक्या झावळ्या आणि जून नारळ उतरवणंही तेव्हाच, म्हणजे फुटणारी निम्मी कौलं वाचतात.

विजेचं थोडक्यात सांगते. पावसात आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, सारखी पडत असेल तर ती चिकटपट्टीने दाबून ठेवायचा विचारही नको. ३० मिलिअँपिअर गळती झाली की पडायचं हेच तिचं काम. सगळे एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाचे छोटे स्विच, खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडेल त्या भागात दोष. आमच्याकडे दर वेळी तुळशीजवळचा बाहेरचा दिवा निघतो, आत मुंग्यांचं वारूळ. तो एमसीबी खाली ठेवून इलेक्ट्रिशियनची वाट बघा. ओल्या हाताने होल्डर उघडायचा नाही.

राहिली भिंत, आणि तिचं दुखणं चवथीचं. गणपती भाद्रपदात, ऐन ओलीत, आणि घर रंगवलेलं हवं असा सगळ्यांचा आग्रह. एका वर्षी मी श्रावणात देवाच्या खोलीला महागडा प्लास्टिक रंग मारून घेतला. चवथीच्या आदल्या रात्री माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधून झाली. सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगण, कांगलां सगळं जागच्या जागी, आणि त्यामागे भिंतीवर पुरीएवढे फुगे. ननंद म्हणाली, "वहिनी, हे नवं डिझाइन का?"

रंगाआधी भिंत तपासा. हातभर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. आतून पाण्याचे थेंब जमले तर भिंत ओली आहे. कंपनीचा माणूस काहीही म्हणो, रंग धरणार नाही. चवथीसाठी अगदी हवंच असेल तर चुना काढा. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर जाऊ शकते, म्हणून फुगे येत नाहीत. दिसतोही बरा, पाठ टेकली की तेवढी पांढरी होते.

कालनिर्णयच्या जून महिन्याच्या पानामागे मी "डिसेंबर" असं लिहून खाली कामं टिपत जाते. यंदा आतापर्यंत सहा झाली: न्हाणीच्या खिडकीची वरची कड, माळ्यावरची तीन कौलं, देवाच्या खोलीचा प्लास्टिक रंग खरवडणं, तुळशीचा दिवा, कपाटाचा एक पाय. सहावं आहे मागच्या दाराला फणसाचीच पट्टी जोडून करंगळीएवढी फट बुजवणं. ते गेल्या वर्षीच्या पानावरही होतं.