बचत गटाच्या बैठकीत मनाच्या आजाराविषयी कसे बोलावे

नागपुरातल्या एखाद्या वस्तीत बचत गटासमोर मानसिक आरोग्यावर बोलायचे ठरले असेल, तर सुरुवातीलाच आजारांची नावे सांगू नयेत. बायका आपला त्रास ज्या शब्दांत सांगतात, तेच शब्द आधी घ्यावेत: जीव घाबरतो, डोकं भणभणतं, करमत नाही, अंगात त्राण उरलं नाही. मग विचारावे की हे किती दिवसांपासून आहे. सलग दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि डॉक्टरांना दाखवायला हवे, एवढे स्पष्ट सांगावे. थायरॉईड बिघडल्याने किंवा रक्त कमी झाल्यानेही असाच थकवा येतो, म्हणून रक्ततपासणीचाही उल्लेख करावा.

बाळंतपणाच्या विषयाला मात्र पुरेसा वेळ द्यावा, कारण सासू आणि सून बहुधा एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात. सुनेला थेट विचारल्यास ती मान खाली घालते, त्यापेक्षा सासूलाच विचारावे, "काकू, बाळंतपणानंतर तुम्हाला उगाच रडू यायचं का?" काकू बोलू लागल्या की सुनेचीही भीड चेपते. पहिल्या काही दिवसांतले रडू बहुतेकींचे दोन आठवड्यांत आपोआप थांबते. त्यानंतरही ते थांबत नसेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल, तर उपचार लागतात. भास होणे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे ही तातडीची बाब आहे. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कुणी "बाहेरचं झालंय" म्हटले, तर वाद घालू नये. वादात बैठक संपते आणि बाई पुन्हा येत नाही. देवाला जायचे तर जा, पण डॉक्टरांचे औषध बंद करू नका, असे सांगणे अधिक उपयोगी पडते.

कुठे जावे, हेही नेमके सांगावे. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालापासून नागपुरात आहे. पण लोक तिथल्या चौकाला आजही पागलखाना चौक म्हणतात आणि ओळखीचे कुणी पाहील या धास्तीने बाई तिकडे फिरकत नाही. अशा बाईला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागाचा पर्याय द्यावा, कारण तिथे इतर आजारांचेही रुग्ण असतात. घराबाहेर पडणेच अवघड असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

मरणाचा विचार येतो का, हे विचारायला कचरू नये. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर तिला एकटे सोडू नये आणि घरातले उंदराचे औषध, कीटकनाशक, गोळ्या हाताशी राहू देऊ नयेत.

नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि ती मनाने अचानक बंद करायची नसतात, हे दोनदा सांगावे. बहुतेकजणी नेमक्या इथेच घसरतात.

बैठकीत एखादीने स्वतःविषयी काही सांगितले, तर गटाच्या इतिवृत्तात तिचे नाव लिहू नये. "मानसिक आरोग्यावर चर्चा झाली" एवढी नोंद पुरे. ते रजिस्टर बँकेपासून सचिवांच्या घरच्यांपर्यंत कुणाच्याही हाती पडू शकते.