जुन्या जीपचा आवाज तपासणीपुरता कसा उतरवायचा

इंजिन बदललेल्या किंवा हातानं बांधलेल्या जीपला बाजारातला तयार सायलेन्सर क्वचितच जुळतो. नळीचा व्यास वेगळा, चासीतली जागा वेगळी. मग कुणीतरी आतल्या जाळ्या काढून डब्ब्याची पुंगळी करतो, कुणी शेपटात, म्हणजे धूर बाहेर पडणाऱ्या नळीच्या मागच्या टोकात, पत्र्याची मुंडी ठोकतो, आणि आरटीओच्या तपासणीचा दिवस आला की धावपळ सुरू होते. इथे उदाहरणाला 2.1 लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन धरलं आहे. एमएम 540 च्या घरातल्या जीपमध्ये साधारण एवढंच असतं. इंजिन दुसरं असेल तर मापं त्या प्रमाणात बदला. पद्धत तीच.

आधी कागद. मोटार वाहन नियमांतला नियम 120 सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. म्हणजे मीटर लावला नाही तरी पुंगळी नापासच. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवायची असते, त्याचा अर्ज फॉर्म 25. इंजिन बदललं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर कलम 52 आडवं येतं. ते आवाजाच्या आधी मिटवा, कारण नुसता सायलेन्सर नवा करून ती गाडी पास होत नाही. रस्त्यावर आवाजासाठी पकडलं तर कलम 190 च्या दुसऱ्या पोटकलमात दहा हजारांपर्यंत दंड आहे. तुमच्या गाडीच्या प्रकाराला आणि सालाला कोणती मर्यादा लागू आहे ते आरटीओत विचारूनच घ्या. नव्या मोटारींचा 74 डेसिबलचा आकडा सगळीकडे फिरतो. पण ती चाचणी धावत्या गाडीची, साडेसात मीटरवरून घेतलेली. उभ्या गाडीच्या शेपटाजवळच्या मोजणीशी त्याची तुलना करू नका, उगाच घाबरायला होतं.

मोजायचं कसं

उभ्या गाडीच्या मोजणीत माइक शेपटाच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब ठेवतात. तोंडाच्या रेषेशी 45 अंशांचा कोन, उंची तोंडाएवढीच, पण जमिनीपासून किमान 20 सेंटिमीटर. जास्तीत जास्त ताकद ज्या आरपीएमला मिळते त्याच्या तीन चतुर्थांशावर इंजिन स्थिर धरायचं आणि मग ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा. मॅन्युअलमध्ये 4000 लिहिलं असेल तर 3000. या सगळ्यात मीटरनं दाखवलेला सर्वांत मोठा आकडा धरायचा. लागोपाठ तीन आकडे एकमेकांपासून दोन डेसिबलच्या आत हवेत.

डिझेलला स्पार्क नाही, त्यामुळे पेट्रोल गाडीचा टॅकोमीटर इथे चालत नाही. क्रँक पुलीवर चकाकती पट्टी चिकटवा आणि ऑप्टिकल टॅकोमीटरनं आरपीएम बघा. कानानं ‘असतील तीन हजार’ म्हणू नका. दोनशे-तीनशेचा फरक आकड्यात लगेच दिसतो.

जागा सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळी माळावरची बघा. तीन मीटरच्या आत भिंत, गडगा, दुसरी गाडी, काही नको. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत शेजारी असली की तिच्यावरून परतलेला आवाजही मीटर मोजतो. वेळ सकाळची. दुपारी खारे वारे सुटले की माइकवर नुसता वारा वाजतो. सेकंदाला पाच मीटरच्या वर वारा असेल तर मोजणी सोडून द्या, आणि माइकला स्पंजची टोपी असू द्या.

मोबाइलमधल्या ॲपवर आकडा म्हणून विश्वास ठेवू नका. मोठ्या आवाजाला फोनचा माइक स्वतःच आवाज दाबतो. कामाआधी किती आणि कामानंतर किती, एवढ्या अंदाजाला ॲप चालेल, तेही जरा लांबून. शेवटची मोजणी मात्र क्लास 2 च्या मीटरवर करा.

कुठला आवाज मीटरला खटकतो

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट होतात. 3000 आरपीएमला सेकंदाला शंभर, म्हणजे 100 हर्ट्झ. केबिनमध्ये घुमतो तो हाच आवाज, घाट चढताना डोकं धरतं ते यानंच. पण तपासणीचा मीटर ‘ए’ वजनावर चालतो, आणि 100 हर्ट्झच्या आवाजातून तो सुमारे 19 डेसिबल वजा करूनच मोजतो. 500 हर्ट्झला वजावट फक्त तीनची, 1000 ला शून्य. म्हणून घुमणारी जीप पास होते आणि फाटक्या, तडतडणाऱ्या आवाजाची नापास होते. डब्बा बांधताना हे डोक्यात हवं. घुमणं तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या त्रासाचं, तडतड आणि फुसफुस तपासणीच्या त्रासाची. उपाय दोन्हींचे वेगळे.

त्याआधी एक खात्री करून घ्या. भंगारातून ट्रकचा धड मोठा सायलेन्सर मिळवा, चार-पाच मीटर पाइप जोडून तो तात्पुरता लावा आणि माइक जुन्याच जागी ठेवून मोजा. आकडा दोन डेसिबलही उतरला नाही, तर आवाज शेपटातून येतच नाही. तो गळतीचा, एअर फिल्टरचा किंवा इंजिनाचा आहे. डेसिबलची बेरीज साधी नसते. इंजिन 90 आणि एक्झॉस्ट 95 असेल तर मिळून 96 च्या आसपास. एक्झॉस्ट 80 वर आणलात तरी एकूण 90 च्या खाली जाणार नाही.

गळती आधी

डब्ब्याच्या अलीकडे कुठेही फट असेल तर पुढचं सगळं काम फुकट. थंड इंजिन चालू करा. जाड ओला फडका शेपटावर दोन-तीन सेकंद दाबून धरायला एकाला सांगा आणि तुम्ही मॅनिफोल्डपाशी, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एका नळीत आणणाऱ्या इंजिनावरच्या भागापाशी कान लावा. फुस्स आवाज किंवा काजळीचा काळा फराटा दिसला की जागा सापडली. बारीक गळतीला साबणाचं पाणी.

मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलताना जुने स्टड तुटणार हे गृहीत धरा. किनाऱ्याच्या हवेत ते आत जाम झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी इंजिन कोमट करा आणि नट आधी किंचित आवळून मग सोडवा. बसवताना पितळी नट वापरा, पुढच्या वेळी शिव्या वाचतात. मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज फिरवा. 0.2 मिमीचं पान सहज शिरलं तर फेसिंग करून, म्हणजे तोंडं यंत्रावर सपाट करून घ्या. वाकड्या तोंडाला दोन पॅकिंग एकावर एक लावायची युक्ती महिनाभर टिकते.

पहिला डब्बा: घुमणं मारणारा

नळीतून आलेला आवाज अचानक मोठ्या जागेत शिरला की त्याचा बराच भाग उलटा परततो. नळी आतून 47 मिमी आणि डब्बा 160 मिमी व्यासाचा घेतला तर क्षेत्रफळ अकरापटीच्या वर जातं, ते चांगलं. लांबी 600 मिमी. हा डब्बा सुमारे 12 लिटरचा होतो. सगळे डब्बे मिळून इंजिनाच्या सीसीच्या पाच-सहा पट जागा तरी हवी, दहापट मिळाली तर सोनंच.

600 ची एकच खोली ठेवू नका. गरम धुरात आवाज सेकंदाला 480 मीटरच्या आसपास धावतो, आणि 600 मिमीची खोली 400 हर्ट्झच्या सुमाराचा आवाज जवळपास तसाच सोडून देते. मध्ये पडदा घाला, पण बरोबर अर्ध्यावर नको. एक खोली 350 ची, दुसरी 250 ची. दोन्हींच्या पळवाटा वेगळ्या पडतात, एकीतून सुटलेला आवाज दुसरीत अडकतो. पहिल्या खोलीत आत येणारी नळी 175 मिमी, म्हणजे बरोबर अर्ध्यापर्यंत घुसवा. पडद्यातून पुढे जाणारी नळी त्याच खोलीत उलट बाजूनं 87 मिमी मागे येऊ द्या. या दोन मापांनी त्या खोलीची पहिली आणि दुसरी पळवाट बंद होते. नळ्या एका रेषेत ठेवू नका. तोंडासमोर तोंड आलं की आवाज सरळ आरपार जातो.

पत्रा 1.6 मिमी. रोलिंगला तुकडा 503 मिमी रुंद, वर जोडाला 15 मिमी सोडा. झाकणं आणि पडदा 2 मिमीचे. चपटा डब्बा चासीखाली बसायला सोपा, पण त्याच्या सपाट बाजू झांजेसारख्या वाजतात. गोलच करा. रोलिंग मशीन कुडाळच्या किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एखाद्या फॅब्रिकेटरकडे मिळेल, गॅरेजमध्ये पाइपावर ठोकून गोल केलेला पत्रा कधी नीट जुळत नाही.

दुसरा डब्बा: तडतड खाणारा

हा लहान, पण मीटरवर खरा फरक यानंच पडतो. भोकांची सरळ नळी, भोवती लोकर, बाहेर पत्रा. नळीला 3 मिमीची भोकं, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 5 मिमी, एकाआड एक ओळ सरकवून. म्हणजे नळीचा तिसरा हिस्सा उघडा राहतो. बाहेरचा पत्रा 110 मिमी व्यासाचा, लांबी 400. लोकरीची जागा तीन लिटरच्या आसपास होते. लिटरमागे 100 ते 120 ग्रॅम या हिशोबानं लांब धाग्याची काचलोकर 300 ते 350 ग्रॅम लागेल. नळीला लागून आधी स्टेनलेसच्या तारेच्या लोकरीचा एक थर गुंडाळा, नाहीतर धुराचा झोत काचेचे धागे ओढून बाहेर फेकतो. छपराखाली घालतात ती लोकर नको. तिच्यातला चिकटवणारा राळ पहिल्याच घाटात जळतो आणि लोकर एका कोपऱ्यात बसते. ठासूनही भरू नका. घट्ट गोळा झालेली लोकर आवाज खात नाही.

डिझेलच्या काजळीनं ही लोकर हळूहळू बुजते. म्हणून हा डब्बा नेहमी पहिल्याच्या मागे ठेवा, आणि मागचं झाकण वेल्ड न करता सहा एम6 बोल्टवर बसवा. दर आगोटीला उघडून बघता येतं. काचलोकर हाताळताना हातमोजे आणि मास्क.

गंजाचा हिशोब

एक लिटर डिझेल जळलं की शेपटातून जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या जीपचा डब्बा पुरेसा तापतच नाही, पाणी आतच राहतं. त्यात काजळी मिसळते आणि डब्बा आतून सडतो. बाहेरून खारी हवा, वरून पावसाळा. प्रत्येक डब्ब्याच्या सर्वांत खालच्या जागी 3 मिमीचं एक भोक ठेवा. तेवढ्यानं आवाज वाढत नाही. जास्त मोठं पाडलंत तर फुसफुस सुरू.

साधं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांवर जात नाही. 304 स्टेनलेसवर समुद्राकाठी तपकिरी डाग येतात, पण पत्रा टिकतो. पैसे जास्त जातात, तरी इथे तेच परवडतं. लोखंडी फ्लँजला 304 जोडायला 309एल रॉड, 2 मिमीचा, कमी अँपिअरवर, टाके मारत मारत. एका दमात ओढलात की पत्र्याला भोक. जीआयचा पत्रा वेल्ड करू नका, जस्ताचा धूर ताप आणतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

बसवणं

इंजिनमागे एक लवचीक जोड द्या. नसेल तर इंजिनाची थरथर पाइपातून चासीत उतरते आणि डब्बा कितीही चांगला असो, आत घुमतंच. टांगणीला रबर हवेत, सळ्या थेट वेल्ड करू नका. डब्बा आणि चासीत 25 मिमी फट ठेवा, पाटे पूर्ण दबल्यावरही. इंधनाच्या नळीपासून नियम 113 प्रमाणे किमान 35 मिमी. जागा असेल तर जास्तच सोडा. शेपटाचं तोंड खाली किंवा डावीकडे नको, आणि टपाच्या मागच्या कडेच्या बाहेर यायला हवं. उघड्या जीपमध्ये धूर मागून आत खेचला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटी उलटा दाब तपासा. आवाज उतरवायच्या नादात नळी आवळली की इंजिन तापतं, काळा धूर टाकतं आणि धुराच्या चाचणीत अडकतं. पहिल्या डब्ब्याआधी पाइपावर एक नट वेल्ड करा, त्यातून अर्धा मीटर तांब्याची नळी काढा, पुढे पारदर्शक नळीचा यू आणि त्यात रंगीत पाणी. 3000 आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक 700 मिमीच्या आत राहिला तर ठीक. ही मोजणी उभ्या गाडीची आहे, भार घेऊन चढणाऱ्या इंजिनाचा दाब याहून वर जातो, म्हणून 700 ला टेकलेला आकडा काठावरचाच समजा. शेपटात मुंडी ठोकलेल्या गाडीवर हे एकदा करून बघा, पाणी यू मधून उडून बाहेर येतं. मोजून झालं की नटात बोल्ट घट्ट बसवा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प आणि फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा. नवी काचलोकर तापून थोडी बसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातला आकडा पक्का धरू नका. आठ-दहा दिवस गाडी चालवा, मग सड्यावर जाऊन पुन्हा मोजा. मर्यादेच्या तीन डेसिबल खाली असाल तर तारीख घ्या. मर्यादेवरच टेकलेले असाल तर एअर फिल्टरच्या डब्ब्याचं झाकण आणि त्याच्या होजचे क्लॅम्प बघा. डिझेलमध्ये सहसा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, सैल झाकणातून खेचलेल्या हवेचा आवाज बॉनेटखालून सरळ बाहेर येतो, आणि तो कमी करायला एक वॉशर पुरतो.