तुटपुंज्या कमाईत गंगाजळी जमवताना या चुका टाळा

अडीअडचणीसाठी गंगाजळी म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, हा सल्ला खोटा नाही. पण ज्याची महिनाअखेर उसनवारीवर निघते, तो हा आकडा ऐकूनच नाद सोडतो. पहिला टप्पा पंधरा दिवसांच्या अत्यावश्यक खर्चाचा धरा: भाडं, किराणा, वीज, औषधं, कामावर जाण्यायेण्याचा खर्च, हप्ते. बाहेरचं खाणं आणि कपडे यात मोजू नका.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात मारलेली उडी. समजा, कमाई १०० आणि अत्यावश्यक खर्च ८८. उरतात १२. घरातले जोशात येऊन पगाराच्या दिवशी २० बाजूला टाकतात. २२ तारखेला किराणा संपतो, त्यातले १४ परत निघतात. दुसऱ्या महिन्यात पुन्हा २०. या वेळी विजेचं बिल थकतं, दंड बसतो, २० च्या २० जातात आणि मागचे ६ही त्यातच. तिसऱ्या महिन्यात ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून विषय बंद. न जमायला काय झालं? वजाबाकी चुकली, एवढंच. ३ काढा. वर्षाला ३६ होतात, म्हणजे बारा दिवसांचा खर्च. पंधरा दिवसांचा टप्पा पंधराव्या महिन्यात येतो. हे ऐकून चेहरा पडत असेल तर पडू द्या, याला आडवाट नाही. सलग तीन महिने एकदाही परत काढावे लागले नाहीत, तरच ३ चे ४ करा.

दुसरी चूक ठाऊक असलेल्या खर्चाला संकट म्हणण्याची. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची सर्व्हिसिंग हे दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतात, तरी दरवर्षी गंगाजळी तिथेच रिकामी होते. मागच्या बारा महिन्यांचे व्यवहार काढून असे खर्च कागदावर उतरवा. वरच्याच घरात विमा १८, फी २४, गाडी ६ असे ४८ निघाले, तर दरमहा ४ वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. म्हणजे १२ पैकी ४ ठरलेल्या खर्चाला, ३ गंगाजळीला, ५ मोकळे. ते ५ मोकळेच ठेवा. तेही बचतीत कोंबले की २२ तारीख पुन्हा येते.

उरेल ते साठवू, हे वरातीमागून घोडं. पगार जमा होतो त्याच दिवशी पैसे आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला द्या.

गंगाजळी रोजच्या खात्यात ठेवू नका. ज्या खात्याचं कार्ड खिशात नाही आणि जे मोबाइलवरच्या पेमेंटला जोडलेलं नाही, ते बरं. शेअरमध्ये तर नकोच. मुदत ठेव करायची तर एक मोठी न करता तीन-चार लहान करा, म्हणजे गरजेला एकच मोडते.

क्रेडिट कार्डाचं कर्ज डोक्यावर असताना गंगाजळी वाढवत बसणं हाही घाट्याचा सौदा. महिना ३ टक्के व्याज चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. बचत खातं त्याच्या जवळपासही येत नाही. पंधरा दिवसांचा टप्पा झाला की सगळा जोर कर्जावर लावा. मात्र गंगाजळी शून्यावर आणून कर्ज फेडू नका, पुढचं दवाखान्याचं बिल परत त्याच कार्डावर चढतं.

कमाई कमीजास्त होत असेल तर सरासरी काढू नका. वर्षातला सर्वांत कमी कमाईचा महिना हाच पगार समजा आणि वरचं चांगल्या महिन्यातच उचलून ठेवा.

आणि पैसे काढावे लागले, तर अपराध केल्यासारखं वागू नका, ते त्यासाठीच होते. काढले त्याच दिवशी वहीत रक्कम आणि कारण लिहा. भरपाईसाठी दुप्पट टाकायची हौस नको, पुढच्या पगाराला नेहमीचेच ३.