सी ड्राइव्ह भरला म्हणून पार्टिशनला हात घालताय? या चुका टाळा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की लोक एक तर रिसायकल बिन रिकामा करतात, नाहीतर यूट्यूब उघडून थेट पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा सीचा कप्पा, मोठं करायला बसतात. जागा खाल्ली कुणी, हे बघायला कुणालाच वेळ नसतो. विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आहे. ते कुठलं फोल्डर किती मोठं आहे हे उतरत्या क्रमाने मांडून देतं, आणि एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) असलेल्या डिस्कवर फार वेळही घेत नाही. गुन्हेगार बहुतेक ठरलेलेच निघतात: डाउनलोड्समध्ये टेलिग्रामने साठवलेले सिनेमे, आयफोन जोडल्यावर ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात गुपचूप तयार झालेला बॅकअप, अपग्रेडनंतर उरलेलं विंडोज.ओल्ड. तेवढं काढलं की बऱ्याच घरांत पार्टिशनचा विषय तिथेच संपतो.

तरीही सी मोठा करायचाच असेल, तर माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार ऐका.

'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतोय

विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' देऊन सी वाढवायचा तर मोकळी जागा त्याच डिस्कवर, सीला लागून, उजव्या बाजूलाच असावी लागते. डी श्रिंक म्हणजे लहान केला की मोकळी जागा डीच्या पलीकडे तयार होते, ती सीच्या काही कामाची नाही. बरं, डी पूर्ण उडवला तरी बऱ्याचदा सी आणि त्या जागेच्या मध्ये पाच-सातशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्त करायची साधनं असलेलं) बसलेलं असतं. विंडोज मोठ्या अपग्रेडच्या वेळी कधीकधी सीच्या शेपटाकडची जागा कापून ते स्वतःच तयार करतं.

आमच्या सोसायटीतला एक इंजिनीअरिंगचा मुलगा इथपर्यंत बरोबर आला होता. डीमधला माल बाहेरच्या डिस्कवर हलवला, डी उडवला, तरी बटण फिकटच. मग व्हिडिओत सांगितलं तसं डिस्कपार्ट, म्हणजे कमांड टाइप करून पार्टिशन हाताळायचं विंडोजचं साधन, उघडलं आणि व्हिडिओतल्या माणसाने पार्टिशनचा जो आकडा टाकला तोच यानेही टाकला. पुढे 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड', म्हणजे जबरदस्तीने उडवा. त्या माणसाच्या डिस्कवर तो आकडा रिकव्हरीचा होता, याच्या डिस्कवर ईएफआय सिस्टिमचा. शंभर एमबीचं ते पार्टिशन, पण मशीन सुरू होतं ते त्याच्यातल्या फायलींवर. गंमत म्हणजे उडवल्यावर लगेच काहीच बिघडत नाही, चालू असलेलं विंडोज चालूच राहतं. बटण अजून फिकट का म्हणून त्याने रीस्टार्ट केलं आणि थेट माझ्या दारात. "काका, फक्त एक्स्टेंड करायचं होतं हो."

दुरुस्ती तशी होती. विंडोजचा पेनड्राइव्ह लावून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, त्याच मोकळ्या जागेत नवं ईएफआय पार्टिशन करायचं, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करायचं आणि बीसीडीबूट ही कमांड चालवून बूटच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, फायली परत लिहायच्या. पण सी बिटलॉकरने (डिस्कवरचा डेटा सांकेतिक करून ठेवणारी विंडोजची सोय) कुलूपबंद होता आणि मशीनने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. अकाउंट कुणाचं? लॅपटॉप सेट करून देणाऱ्या दुकानदाराने स्वतःचा ईमेल टाकून दिला होता! त्यात रविवार, दुकान बंद. सोमवारी दुपारी फोनवर ते आकडे लिहून घेतले तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

म्हणून माझी सवय सांगतो. पार्टिशनला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवतो आणि बिटलॉकर सस्पेंड, म्हणजे तात्पुरता स्थगित, करतो. डिस्क मॅनेजमेंटचा फोटो मोबाइलवर काढून ठेवतो. डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' आणि 'लिस्ट पार्टिशन' दिल्याशिवाय 'सिलेक्ट' टाइप करत नाही, आणि आकड्याबरोबर आकारही जुळवून बघतो. रिकव्हरी पार्टिशन हलवायचंच असेल तर आधी रीएजंटसी या कमांडने रिकव्हरी डिसेबल करतो, म्हणजे त्यातली दुरुस्तीची फाइल सीमध्ये येऊन बसते. व्हिडिओ दीडपट वेगाने बघत कमांड टाइप करणाऱ्यांना मी आता फोनवर मदत करत नाही.

डी म्हणजे बॅकअप नव्हे

हे वाक्य बोलून बोलून तोंड दुखलं. सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत. कपाट जळलं की दोन्ही गेले. 'फोटो डीला टाकलेत, काळजी नाही' असं म्हणणारे लोक एसएसडी मेल्यावर रिकव्हरीवाल्यांकडे चकरा मारताना पाहिलेत. एसएसडीवरून चुकून पुसलेलं परत मिळण्याची आशाही फारशी नसते, कारण ट्रिम (पुसलेली जागा ड्राइव्हला कळवणारी सोय) चालू असेल तर पुसलेल्या जागेतला डेटा ड्राइव्ह लवकरच स्वतःच साफ करून टाकतो. बॅकअप म्हणजे बाहेरची वेगळी डिस्क, आणि तीही काम झाल्यावर काढून ठेवलेली.

याच समजुतीतून दुकानदार ५१२ जीबीच्या एसएसडीवर सीला शंभर जीबी देऊन मोकळे होतात. एक्सपीच्या काळात दर दोन वर्षांनी विंडोज नव्याने टाकावं लागायचं, तेव्हा डेटा वेगळा ठेवण्यात अर्थ होता. आज रिसेट करताना 'फायली ठेवा' हा पर्याय समोर असतो. घरच्या मशीनमध्ये एकच एसएसडी असेल तर मी सगळी जागा सीलाच देतो. पटत नसेल तर निदान दोनशेच्या खाली जाऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

'ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं विंडोजने विचारलं आणि आत डेटा असेल तर कॅन्सल दाबा. आधी टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशनं शोधणारं सॉफ्टवेअर वापरून बघा किंवा जाणकाराला दाखवा.

अक्षर नसलेलं पार्टिशन म्हणजे फालतू नव्हे. लिनक्सचं पार्टिशनही डिस्क मॅनेजमेंटमध्ये असंच अनोळखी दिसतं. ते उडवलं की पुढच्या बूटला ग्रबचा (लिनक्सच्या बूट लोडरचा) काळा पडदा.

विनएसएक्सएस हे विंडोजचे घटक साठवणारं फोल्डर हाताने डिलीट करू नका. डिस्क क्लीनअपमधून सिस्टिम फायली निवडा, तेच काम सुखरूप होतं.

हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं) वापरत नसाल तर 'पॉवरसीएफजी' ही कमांड देऊन बंद करा, काही जीबी सुटतात. फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जातो, मला तरी त्याची कधी आठवण आली नाही.

पेनड्राइव्हवर जागा असून मोठा सिनेमा जात नाही? तो फॅट ३२ आहे, त्यात ४ जीबीची एक अख्खी फाइल मावत नाही. एक्सफॅट करा.

जुन्या एमबीआर पद्धतीच्या (चारच मुख्य पार्टिशनं घेणाऱ्या) डिस्कवर पाचवं पार्टिशन पाडताना 'डायनॅमिक डिस्क' करू का असं विचारलं तर नाही म्हणा. परतीचा रस्ता सगळं पुसूनच जातो.

१ टीबीची डिस्क ९३१ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने.

आणि पार्टिशन सरकवण्याचं काम तासन्‌तास चालू शकतं, ते मध्येच तुटलं तर डेटा जातो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे माहीत असून डेस्कटॉपवर गुरुवारीच सकाळी हे काम सुरू करणारे लोक आहेत. यूपीएस नसेल तर रात्री करा, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून.