नवा पंख उडत नाही? आकाराला दोष देण्याआधी या चुका टाळा

हाताने फेकायच्या छोट्या ग्लायडरवर निरनिराळे पंख लावून पाहणं हा उड्डाण समजून घेण्याचा फार सुंदर मार्ग आहे. म्हणूनच चांगला आकार केवळ तोल चुकल्यामुळे टाकून दिला जातो तेव्हा वाईट वाटतं.

सरळ पंख काढून त्याच खाचेत मागे कललेला पंख बसवला, की उचल मिळण्याची जागा मागे सरकते. नाकाला वजन म्हणून लावलेली क्ले मात्र तेवढीच राहते, त्यामुळे विमान नाकावर आपटतं. आयताकृती पंखाचा तोल पुढच्या कडेपासून, पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर ठेवावा. कललेल्या किंवा निमुळत्या पंखात हे माप मुळाशी, म्हणजे पंख विमानाच्या धडाला जोडतो तिथे, घेऊ नका, सरासरी रुंदी जिथे येते तिथे घ्या. दोन्ही बाजूंना खुणा करून विमान दोन बोटांवर तोला. नाक खाली जात असेल तर क्ले कमी करा किंवा पंखच थोडा पुढे सरकवा. उडताना विमान नाक वर करून थबकत असेल आणि पुन्हा खाली येत असेल, तर उलट करा.

दुसरी चूक स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मोहातून होते. टोकाकडे अरुंद होत जाणारा तो पंख देखणाच आहे, पण खऱ्या स्पिटफायरमध्ये पंखाचा कोन मुळाशी 2 अंश आणि टोकाशी उणे अर्धा अंश होता. हा पीळ न देता नुसती बाह्यरेषा कापली, तर टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे त्याची उचल अचानक तुटते, आणि विमान एका पंखावर कोसळतं. टोकाची रुंदी मुळाच्या निम्म्याहून कमी करू नका आणि टोकाची मागची कड किंचित वर उचला. हा पीळ दोन्ही बाजूंना सारखा हवा. विमान कायम एकाच बाजूला वळत असेल, तर मागून डोळा लावून आधी तेच तपासा.

मोठ्या विमानासारखा जाड पंखही इथे नको. दहा सेंटीमीटर रुंदीच्या पंखाला पातळ, चार-पाच मिलिमीटर बाक दिलेली शीट जास्त चांगली उचल देते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. राइट बंधूंनी 1901 मध्ये स्वतः बांधलेल्या वायुबोगद्यात (आकार तपासण्यासाठी आतून वारा सोडतात त्या नळीत) सुमारे 200 पंखाकृती अशाच चिकाटीने तपासल्या होत्या. आपल्याकडे बोगदा नसला तरी वारा पडलेली सकाळ असते. विमान जमिनीला समांतर, सहज सोडा. जोरात वर फेकलं तर कुठलाही पंख स्टॉल होतो आणि तुलना वाया जाते.